पन्नासावी सुई

सुलाबाईंनी पदराखालून डावा हात काढला, तर तो मनगटापासून हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेला होता.

राणीने ट्रे खाली ठेवला. "मावशी, या हातात काही घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"नातीचं लगीन हुतं गं. कासार दारात बसलाय, समदी भावकी बघतीया, आन मी एकच हात पुढं करू व्हय? मालक जिता हाय माजा." मग त्या जरा मवाळ झाल्या. "वर सरकव आन टोच. आदीच उशीर झालाय."

उशीर राणीलाही झाला होता. सांगलीतल्या या डायलिसिस विभागात ती वर्षभर शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून काम करत होती. परीक्षेला बसायचं तर वहीत पन्नास वेळा सुई टोचल्याची नोंद हवी, प्रत्येक नोंदीपुढे सरांची सही. एकोणपन्नास झाल्या होत्या. वही आज बाराच्या आत ऑफिसात द्यायची होती, नाहीतर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. सकाळच्या पाळीचे बाकी सगळे रुग्ण मशीनला लागले होते. राहिल्या होत्या फक्त सुलाबाई.

तिने बांगड्या कोपराकडे ढकलल्या. त्या जेमतेम दोन बोटं सरकल्या. खाली कातडीवर लाल वळ उठले होते. याच जागी दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून शीर धमनीला जोडली होती. तिथे रक्त इतक्या जोरात धावतं, की बोट ठेवलं तर मोटर चालू असताना पाइपला हात लावल्यासारखी थरथर लागते.

राणीने बोट ठेवलं. थोडं वर ठेवलं, थोडं खाली. मग स्टेथोस्कोप लावला. एरवी तिथे घरघर ऐकू येई. आता काहीच नव्हतं.

"राणी, टोच की," पलीकडच्या मशीनवरून जयराज सर म्हणाले. "साडेअकरा झाले."

"सर, थरथर लागत नाही."

सर आले. त्यांनी दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं. "बारीकशी आहे बघ. शीर तर दिसतेय. एक सुई घाल, रक्त नाही आलं तर काढू. तुझी नोंद तरी होईल."

"गुठळी असेल तर मी ती शीर आणखी बिघडवीन, सर. नाही टोचत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातला स्टेथोस्कोप घेतला, कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि डॉक्टरांना फोन करायला गेले.

"मावशी, हात गप्प कधी झाला?"

सुलाबाई छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या. "निजताना मी त्यो हात कानाखाली घेती. रोज वाजतोय. काल न्हाई वाजला."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"सकाळी पोरीची पाठवणी हुती. समदी तिला सोडून माज्यामागं धावली असती."

सर परत आले. मिरजेच्या सर्जनांशी बोलणं झालं होतं. लगेच नेलं तर शीर मोकळी होण्याची आशा होती. रुग्णवाहिका निघत होती. बांगड्या मात्र काढायला हव्या होत्या.

"एकबी वाढवायची न्हाई हां," सुलाबाई म्हणाल्या. फुटणं हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही.

राणीने सोनोग्राफीची जेली आणली आणि सगळ्या हाताला चोपडली. बोटं जुळवून, अंगठा आत दाबून ती एकेक बांगडी काढू लागली. नऊ निघाल्या. हात सुजला होता, शेवटच्या दोन हलेनात. राणीने चिमटा उचलला तसा सुलाबाईंनी हात छातीशी ओढून घेतला.

दारात त्यांचे मालक, गुंडा आप्पा, टोपी हातात धरून उभे होते. "काढ गं पोरी," ते म्हणाले. "मिल्ट्रीत गोळीनं न्हाई मेलो, दोन बांगड्यांनी मरतोय व्हय?"

"आवं, तोंड तरी तिकडं करा."

आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. राणीने बांगड्यांखाली कापसाचा बोळा सारला आणि चिमट्याने दोनदा टिचकी मारली.

ती चादरीवरच्या काचा वेचत असताना सर वही घेऊन आले. "हात तर लावलास तू. पन्नासावी लिही, मी सही करतो. अजून दहा मिनिटं आहेत."

"सुई टोचली नाही, सर."

"सहा महिने जातील, राणी."

"जाऊ देत. पुढच्या वेळी बसते." तिने काचा डब्यात टाकल्या आणि चाकाची खुर्ची सुलाबाईंच्या पलंगाला लावली.

रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली तेव्हा बारा वाजून गेले होते. राणी जिना चढून वर आली. दुपारच्या पाळीचे पाच जण बाहेरच्या बाकावर बसले होते. सुलाबाईंना त्यांच्यासमोरूनच नेलं होतं आणि आप्पांनी जाता जाता सगळं सांगितलं होतं. पाचही जणांनी उजव्या हाताची दोन बोटं आपापल्या डाव्या हातावर ठेवली होती, आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या.

राणीने हात धुतले आणि बाकाच्या एका टोकापासून एकेकाच्या हातावर बोट ठेवून थरथर बघायला सुरुवात केली.