चाळीस ग्रॅम

सुट्टीत पाहुणे येणार, म्हणून आईने तिसरीतल्या लेकीची जुनी खेळणी, अगदी खुळखुळ्यापासून रिमोटच्या गाडीपर्यंत, एका खोक्यात भरली. आई रसायनांच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने खोकं काट्यावर ठेवलं आणि वजन कागदावर लिहून ठेवलं.

"उद्या हे पाळणाघरात द्यायचं. कुणी एक जरी खेळणं काढलं तरी मला कळेल."

सकाळी वजन दोन किलोने कमी भरलं.

"अस्वल मी काढलं," लेक रडवेली होऊन म्हणाली. "त्याला माझ्याशिवाय झोप येत नाही."

बाबांनी सोफ्याखालून आगगाडी ओढली. "अगं, हिचे रूळ जोडण्यात माझा अख्खा रविवार गेला होता."

आजीने पाठीमागे धरलेली भातुकलीची पिशवी पुढे केली. "आणि ही दिल्यावर मी काय खेळू?"

"ते काही नाही. सगळं परत खोक्यात!" आईने तिन्ही वस्तू एकेक करून काट्यावर ठेवल्या आणि त्यांची वजनं लिहून खोक्यात टाकल्या. लेकीने मुकाट्याने कागद ओढून हिशेब केला.

"आई, अजून चाळीस ग्रॅम कमी आहेत."

"काट्याची चूक असेल."

"तुझ्या काट्याची?" आजी म्हणाली. "आजवर त्याला कुणी नाव ठेवलेलं तुला खपलं नाही."

"मला उशीर होतोय," म्हणत आईने घाईघाईने पर्स खांद्याला अडकवली.

पर्स खुळखुळली.