खिरीतला बदाम

लिस्बेटने बदाम पातेल्यावर धरला, एकदा दाराकडे पाहिलं, आणि तो खिरीत न टाकता आपल्याच तोंडात टाकला. डाव्या गालात, दाढेच्या मागे.

बाहेर ॲडलेडचं ऊन अजून उतरलं नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या डेन्मार्कमध्ये चार वाजताच काळोख व्हायचा. इथे सहा वाजून गेले तरी पंखा गरम वारा फेकत होता. खीर मात्र तीच होती. थंडगार, घट्ट, फेटलेली साय आणि बदामाचे काप घातलेली, आणि त्यात एकच बदाम अख्खा. तो ज्याच्या घासात येईल त्याने गालात दडवायचा, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत इतरांना शोधत खाऊ द्यायचं. लिस्बेटचे आजोबा असा दडवायचे की पोरांची पोटं फुटायची वेळ येई. मग मिशीत हसत जीभ बाहेर काढायचे.

बक्षीस म्हणून दरवर्षी मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या मिठाईचं, डुक्कर असे. यंदा मात्र तिच्या मुलाने, मॅग्नुसने, दोन आज्यांच्या ओढाताणीला कंटाळून सांगितलं होतं, "बदाम जिला मिळेल, सिग्ने जानेवारीत तिच्याबरोबर. आम्हा दोघांना मिळाला तर पोरगी घरी. विषय संपला."

ग्लेंडा, म्हणजे सुनेची आई, नातीला समुद्रकाठच्या कॅरॅव्हॅनमध्ये नेणार होती. लिस्बेट नेणार होती डेन्मार्कला, आपल्या बहिणीकडे. सिग्नेला परत आणायला मॅग्नुस महिनाअखेरीस तिकडे जाणार होता.

"जाऊ तर आजी-नात दोघी जाऊ," लिस्बेट म्हणाली होती. "नाहीतर मीही जात नाही."

दोन वर्षं ती या घरात राहत होती. सिग्नेच्या वेण्या तिने घालायच्या, ताप आला की उशाशी तिने बसायचं. आणि रविवारी ग्लेंडाची गाडी वाजली की पोर फाटकाकडे धावत सुटायची. आज तर बाई फुगवायचा हौदच घेऊन आली होती. सकाळपासून दोघींचं खिदळणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. पाच वर्षांची सिग्ने हल्ली 'फारमोर', म्हणजे बापाची आई, या हाकेपलीकडे डॅनिश बोलतही नव्हती. काही विचारलं की टकमक बघायची, नाहीतर इंग्रजीत उत्तर द्यायची. विसरली सगळं. त्याचं खापरही लिस्बेटने ग्लेंडाच्याच डोक्यावर फोडलं होतं.

तिने वाट्या भरून टेबलावर मांडल्या आणि चेरीचा रस आणायला पुन्हा आत गेली. परत आली तेव्हा ग्लेंडा आपल्या वाटीत चमचा उभा करून बघत होती.

"लिस्बेट, खीर आहे की सिमेंट? या उन्हात माणसाने कलिंगड खावं."

"तुमच्यात कलिंगडात बदाम लपवतात वाटतं, विहीणबाई?"

"आई," मॅग्नुस दबक्या आवाजात म्हणाला, "निदान आज तरी."

सून टेस खाली मान घालून हसली. सगळे खाऊ लागले. गालात बदाम ठेवून खाणं-बोलणं लिस्बेटला नवं नव्हतं. पातेल्याचा तळ दिसेपर्यंत थांबायचं, मग हळूच जीभ बाहेर काढायची, एवढंच काम.

आणि ग्लेंडा किंचाळली.

"अगं आई गं! दात गेला असता माझा!"

तिने तळहातावर बदाम थुंकला. अख्खा.

लिस्बेटने जिभेने चाचपून पाहिलं. तिचा बदाम जागेवर होता.

म्हणजे बाई घरूनच घेऊन आली! पर्समध्ये घालून! चोरटी मेली. पण बोलणार काय? तिला चोर म्हणायचं तर आधी आपलं तोंड उघडून दाखवावं लागलं असतं.

"आई, अभिनंदन तरी कर त्यांचं," मॅग्नुस म्हणाला.

लिस्बेटने पाण्याचा मोठा घोट घेतला. बदाम घसा खरवडत खाली गेला.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"सिग्ने, समुद्र!" ग्लेंडाने नातीला उचलून गरागरा फिरवलं. सिग्ने टाळ्या पिटत होती.

"आई, तू तरी जाऊन ये," मॅग्नुस म्हणाला.

"एकटी? बोलले ते बोलले. तिकीट रद्द कर माझं."

सिग्ने आणखी जोरात टाळ्या पिटू लागली. ते मात्र लिस्बेटच्या काळजाला लागलं.

स्वयंपाकघरात ग्लेंडा वाट्या घेऊन आली तशी लिस्बेटने तिला गाठलंच. "पर्समधून आणलात की खिशातून?"

"काय?"

"बदाम."

ग्लेंडाने तिच्याकडे बघितलं. "डोकं ठिकाणावर आहे ना? तूच घातला होतास ना तो? मला तर वाटलं, तांदळात खडा राहिला." वाट्या ठेवून ती बाहेर गेली. तो चेहरा खोटं बोलणाऱ्या बाईचा नव्हता.

ओट्यापाशी सिग्ने उभी होती. ती कधी आली, कळलं नव्हतं.

"फारमोर, नॅनाला रागावू नकोस," ती म्हणाली. "मी डब्यातला बदाम घातला तिच्या वाटीत. तू चेरी आणायला आत आलीस ना, तेव्हा."

लिस्बेट खुर्चीवर बसली. तिला ग्लेंडाने हरवलंच नव्हतं. या पोरीने दोघींना तोलून पाहिलं होतं आणि एकीला निवडलं होतं.

"समुद्रावर जायचं होतं तर सांगायचंस," तिने कसंबसं म्हटलं. "मी काय अडवलं असतं तुला?"

सिग्नेने जोरात मान हलवली. "मला नाही जायचं समुद्रावर."

"मग का गं?"

सिग्ने तिच्या गुडघ्यांना येऊन चिकटली. "तू फोनवर बहिणीला सांगत होतीस," ती कुजबुजली, आणि पुढचं वाक्य तिने स्वच्छ डॅनिशमध्ये, शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, "एकदा घरी पोचले, की मी काही इकडे परत येणार नाही."