तीन दिवसांची टाकी

पिकअपवाल्या काकांनी गाडीला मोठे टायर हौसेने बसवून घेतले, त्याला वर्ष होत आलं. आज ऑइल बदलताना मेकॅनिकने पुन्हा तोच विषय काढला.

“काका, गाडी चढाला धापा टाकते, डिझेल पाण्यासारखं पिते. पूर्वी एक टाकी आठवडाभर पुरायची, आता तीन दिवसांत खडखडाट. तुमचे जुने टायर ठेवलेत मी जपून. तासाभराचं काम आहे.”

“राहू देत.”

“अहो, या वयात कुणावर छाप पाडायचीय?”

काका गाडी काढून थेट पंपावर गेले. तिथल्या बाईंनी टाकीला पाइप लावला आणि नेहमीसारखं विचारलं, “जेवलात का काका?”

मग भाजी कशी करपली, पातेलं घासताना कसा घाम निघाला, काकांनी सगळं सविस्तर सांगितलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा कुठे ते निघाले.

काकू गेल्यापासून हे विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि आठवड्यातून एकदाच विचारलेलं त्यांना पुरत नव्हतं.