मांगरातल्या पाच स्कूटरी

हातखंब्याला दमयंती अडली होती. पहिलं बाळंतपण, त्यात मूल पायाळू, आणि इकडे तिच्याकडे निघालेल्या सुईण रझियाबाईंची स्कूटर खेडशीच्या चढावर बंद पडली.

त्यांनी चार किका मारल्या. आत काहीतरी खळखळलं आणि गप्प झालं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली ती बुटकी गाडी भाऊ अलीने मुंबईच्या लष्करी लिलावातून आणून दिली होती. लढाई संपून बारा वर्षं झाली, तिचे सुटे भाग मुंबईतसुद्धा मिळेनासे झाले, पण आठ वर्षांत तिने एकदाही दगा दिला नव्हता. कोणी नवल केलं तर रझियाबाई वर बोट दाखवत. नमाजात त्या गाडीसाठीही दुआ मागत.

एसटी मघाशीच गेली होती. बैलगाडीने दोन तास लागले असते. इतक्यात समोर गोपाळकृष्णपंत आगाशांचं फाटक दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. अल्लाने संकट द्यावं तर ते पंतांच्या दारात! कारण पंतांच्या मांगरात, जिथे इतर लोक आंब्याच्या पेट्या ठेवतात तिथे, एक सोडून पाच स्कूटरी होत्या.

हा नाद आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होता. बेळगाव म्हणू नका, पुणं म्हणू नका, लष्करी भंगारात अशी बुटकी स्कूटर दिसल्याचं कानावर आलं की पंत निघालेच. एक त्यांनी लाल रंगवली होती, एक निळी, एकीला पितळी भोंगा लावला होता. रंग निराळे, पण जात एकच. लोक हसत. "पंत, एखादी इटलीवाली घ्या की!" पंत म्हणत, "बागेत हापूसशिवाय दुसरं कलम लावलं नाही मी, आता मांगरात कशाला लावू?" त्या स्कूटरींवर आजवर कोणाला बसायला मिळालं नव्हतं. मुसा मेस्त्री तेवढा त्यांना हात लावी.

पण रझियाबाई म्हणजे कोणी परक्या नव्हत्या. पंतांची लेक सुमेधा जगात आली ती त्यांच्या हातून, आणि मालिनीवहिनी मरणाच्या दारातून परत आल्या त्याही त्यांच्यामुळेच. तेव्हा पंतांनी सोन्याची साखळी पुढे केली होती. "बाळंतपणाचं मी कोणाचं काय घेत नाय," म्हणून बाईंनी ती परत केली. पंत आठ दिवस हिरमुसले होते. शेवटी महिन्यातून एकदा जेवायला यायचं, एवढ्यावर तडजोड झाली. त्या जेवून उठेपर्यंत मुसा त्यांची गाडी पुसून लखलखीत करून ठेवी.

"पंत, लाल गाडी द्या! दमयंती अडलीय!"

पंत पडवीतून उठले. त्यांनी मांगराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ती नाही हो देता यायची."

"मग निळी द्या."

"कुठलीच नाही, रझियाबाई. मुसा तुमचीच नीट करील. अर्धा तास द्या त्याला."

"अर्ध्या तासात बाई मरते, पंत!"

पंत मांगराच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"सुमेधाच्या वेळेस मी मागितला होता काय अर्धा तास?"

पंतांचा चेहरा पार उतरला, पण ते दारातून हलले नाहीत. "बाय, घोटभर पाणी प्या, मी हाय ना," म्हणत मुसा हत्यारं आणायला मागच्या बाजूने मांगरात शिरला, तो लवकर बाहेरच येईना. रझियाबाई पायरीवर बसून दुआ म्हणत होत्या आणि मधूनमधून पंतांचा उद्धार करत होत्या. अखेर मुसा पिशवी घेऊन आला, गाडीपाशी आडवा झाला, घामाने न्हाऊन उठला आणि पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. पंतांकडे न बघता बाई निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा दमयंतीला भान उरलं नव्हतं. पुढचा तास कसा गेला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण मुलगी झाली, टाहो फोडून रडली, आणि दमयंतीने डोळे उघडून पाणी मागितलं. रझियाबाईंनी भिंतीला टेकून रडून घेतलं. अल्लाचे आभार मानले, मुसाचे मानले, अंगणात येऊन त्या म्हाताऱ्या गाडीवरून मायेने हात फिरवला. पंतांच्या घरी मात्र यापुढे पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. पत्र्याच्या खेळण्यांपुढे ज्याला माणूस दिसत नाही, त्याच्याशी कसला घरोबा?

दमयंतीचा सासरा विठू काहीतरी घ्याच म्हणून हटून बसला. बाईंनी गूळखोबऱ्याची पुडी तेवढी घेतली, तीही मुसासाठी.

परतताना संध्याकाळ झाली. पंतांची गाठ नको म्हणून त्या बागेतून आल्या आणि मांगराच्या मागच्या दाराने आत शिरल्या. मुसा दिसेना. अंधूक उजेडात त्यांचा हात लाल स्कूटरला लागला आणि एवढी लोखंडी गाडी रिकाम्या पेटीसारखी कलंडली. वरचा पत्रा निखळून पडला. आत इंजिन नव्हतं, भाताचा पेंढा होता.

त्यांनी निळीचा पत्रा उचलला. पेंढा. भोंगावालीचा उचलला, तिच्या पलीकडचीचा उचलला. पेंढाच.

पाचवीपाशी गोपाळकृष्णपंत जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि रझियाबाईंच्या गाडीसाठी आजच रिकाम्या झालेल्या तिच्या पोटात मुठीमुठीने पेंढा भरत होते.