फ्रान्चेकची खरी गोष्ट

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आज मी खरं बोलणार आहे,” फ्रान्चेक म्हणाला, आणि अख्खं तळघर हसायला लागलं.

त्याच्या अंगावर बिशपचा झगा म्हणून बायकोची चादर होती. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. समोर लाकडी पिंप, पिंपात यंदाच्या द्राक्षांचा गढूळ रस. संत मार्टिनच्या दिवशी बिशपनं आशीर्वाद दिला की त्या रसाची वाइन होते, हे आमच्या हालोझे भागातल्या टेकड्यांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गावात मात्र आशीर्वादाआधी बिशपनं एक दणदणीत थाप मारायची. मग बाप्तिस्म्याला बाळाचा असतो तसा रसाचा धर्मपिता उभा राहतो. बिशप त्याला विचारतो, “खरं की खोटं?” तो म्हणतो, “खोटं.” तेवढ्यानं पिंपातला गाळ खाली बसतो म्हणे. मग हसायचं आणि प्यायचं.

फ्रान्चेक दरवर्षी बिशप व्हायचा, कारण त्याच्याएवढा थापाड्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. एकदा त्याच्या वेलींची छाटणी रानडुकरानं करून दिली होती. गेल्या वर्षी त्यानं एवढा भोपळा पिकवला, की शेजारणीची गाय त्यात शिरली आणि हरवली.

“माझी गाय अजून आतच आहे का रे?” शेजारीण रोझिका मावशीनं विचारलं. “निदान दूध तरी पाठव.”

“हसा. पण यंदाचा धर्मपिता कोण आहे ते बघा.”

धर्मपिता होता त्याचा मुलगा उर्बान. परदेशात फुटबॉल खेळून पोट भरणारा. आघाडीचा खेळाडू. आधी पोलंड, मग सायप्रस, मग एक हंगाम नुसता राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून, आणि आता आइसलंडच्या वाऱ्यात. हंगाम आटोपून परवाच घरी आला होता. वाटेत जो भेटला त्यानं कपाळावर बोट टेकवून त्याला सलाम केला. पोस्टमननं केला. पाद्र्यानंही केला. बापानं त्याच्या गोलाची गोष्ट गावभर सांगून ठेवली होती ना. उर्बान दर वेळी खाली बघायचा. पोरगं एवढं मोठं झालं तरी नम्र राहिलं, असं लोक म्हणाले.

“तर शेवटचा सामना,” फ्रान्चेकनं सुरुवात केली. “बरोबरी झाली तर आपला क्लब खालच्या विभागात जाणार. जिंकलो तर समोरचा जाणार. वारा असा, की मेंढ्या आडव्या उडत होत्या.”

“हे खरं?” कोनराद म्हणाला. त्याचं तळघर होतं, म्हणून तो जरा जास्त बोलायचा.

“मेंढ्या सोड. अगदी शेवटी कोपऱ्यावरून चेंडू आला. गोलासमोर नुसती झोंबाझोंबी. त्या गर्दीत ह्यानं उडी मारली आणि चेंडू जाळ्यात. त्यांचा गोलकीपर एरवी शाळामास्तर आहे. तो ओरडत रेफरीकडं धावला, हात लागला, हात लागला. रेफरीला काही दिसलंच नव्हतं. त्यानं ह्यालाच विचारलं, डोकं की हात? आणि ह्यानं काय केलं?”

फ्रान्चेकनं कपाळावर बोट टेकवलं. तळघरातल्या सगळ्यांनी टेकवलं.

उर्बान पुढ्यातल्या भाजलेल्या बदकाकडं बघत होता. एका घासापुढं त्याचं जेवण सरकलं नव्हतं.

“आता पुढचं ऐका. सामना संपला. मास्तरचा क्लब गेला खाली. तरी तो माणूस आला, ह्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘तू सांगितलंस म्हणजे तसंच असणार. मी उगाच ओरडलो, माफ कर.’ परका माणूस. हरलेला माणूस. माझ्या पोराच्या शब्दावर विश्वास ठेवतो. आणि मी किती वाजले सांगितलं, तरी माझी बायको उठून घड्याळ बघते.”

“पाच वाजता सात वाजले सांगतोस तू,” बायको ल्युबा म्हणाली. पुन्हा हशा झाला. मग ती म्हणाली, “पण मास्तरची गोष्ट खरी आहे हो. त्या रात्री फोनवर उर्बान दुसरं काही बोललाच नाही. तेवढंच परत परत सांगत होता.”

“ऐकलंत?” फ्रान्चेक पिंपाला वळसा घालून मुलाजवळ आला. आवाज खाली आणला, पण तळघर लहान, सगळ्यांना ऐकू गेलं. “पोरा, यंदा ‘खरं’ म्हण. एकदाच. ह्या लोकांनी माझ्याबद्दल तो शब्द उभ्या जन्मात ऐकलेला नाही.”

कुणी हसलं नाही. मुकुटाखालून त्याच्या कानशिलावर घाम आला होता. त्यानं वेलीचा खुंट राजदंडासारखा धरला आणि नेहमीच्या भसाड्या सुरात विचारलं, “धर्मपित्या, खरं की खोटं?”

उर्बान उभा राहिला. एका शब्दाचं काम होतं. क्लबनं त्याच गोलावर त्याला आणखी दोन हंगाम ठेवून घेतलं होतं. आइसलंडमध्ये आता कुणी काही विचारत नव्हतं, आणि इथं सगळे ग्लास हातात धरून त्या शब्दाची वाट बघत होते. बाप तर ओठ हलवून त्याला तो शब्द आठवून देत होता.

“खोटं,” उर्बान म्हणाला.

तळघर दणाणलं. कोनरादनं टेबल बडवलं. “बापाचंच रक्त,” रोझिका मावशी डोळे पुसत म्हणाली. फ्रान्चेकही हसला, थोडंसंच, आणि मुकुट सावरला. “वाटलंच मला,” तो म्हणाला. “चला, आशीर्वाद उरकू.” आणि पळी घेऊन पिंपाकडं वळला.

“बाबा, थांबा.”

उर्बान बसला नव्हता. मागच्या बाकावरचा शेवटचा माणूस हसायचा थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मान आणि कान लालभडक झाले होते.

“तुम्ही थाप मारली नाहीत,” तो म्हणाला. “मी मारली. चेंडू मी हातानं ढकलला होता.”