केसभर उंच

मुलीने दातांचा दवाखाना उघडला आणि पहिली कॅप तिच्या सुतार बापानेच हौसेने बसवून घेतली. तेव्हापासून जबडा ठणकत होता, पण पठ्ठ्याने पोरीला कळू दिलं नाही. शेवटी बायकोनेच चुगली केली, “घास चावताना देव आठवतात यांना!” मुलीने त्याच्या दातांमध्ये निळा कागद धरला. “चावा, बाबा.” कॅपवर ठळक ठिपका उमटला आणि तिचा चेहरा पडला. “केसभर उंच राहिलीये. आधी तीच टेकते, जबडा तिरका सरकतो, स्नायू आखडतात, कानाजवळचा सांधा दुखतो. माझंच चुकलं.” “अगं, दार कोपऱ्यात घासलं की बिजागरी कुरकुरतेच. मार रंधा!” तिने कॅप हलकेच घासली. सगळे दात एकदम टेकले. “महिनाभर बोलला का नाहीत?” बाप हसला. “मी बसवलेलं पहिलं दार उघडेना, तेव्हा तुझे आजोबा महिनाभर गुपचूप खिडकीतून ये-जा करायचे.”