असशील तर

“पाणी घातलंत ना त्याच्या डोक्यावर?”

खिडकीजवळच्या खाटेवरून आईने विचारलं आणि पीएचडीबाईंच्या हातातली उशी हातातच राहिली.

सगळा प्रसूती वॉर्ड त्यांना पीएचडीबाईच म्हणायचा. केस पिकेपर्यंत बाळंतपणं केली आणि आता डॉक्टरेट करायला निघाल्या, म्हणून आधी चिडवायला आणि मग सवयीने. विषय तर असा, की ऐकणाऱ्याचा चेहराच उतरावा: बाळ गमावलेल्या आईशी नर्सने काय बोलावं.

आज सकाळी या आईचं बाळ गेलं होतं. ऐन कळांमध्ये त्याचे ठोके विरत गेले आणि जन्मल्यावर ते रडलंच नाही. बाईंनीच तिला सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता. ‘बाळ गेलं.’ मग ते दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं होतं, तिचं बघून होईपर्यंत.

“बोला ना, बाई. बाप्तिस्मा दिलात ना? जीव जात असला तर नर्सनेही द्यायचा असतो, फादरनी सांगितलंय आम्हाला.”

द्यायचा असतो. पण जिवंत असलेल्याला. गेलेल्याला बाप्तिस्मा नाही. हे बाईंना ठाऊक होतं आणि आईलाही. म्हणून तर ती पापणी न लववता बघत होती.

“हो म्हणून टाका,” आईची थोरली बहीण उशी घ्यायच्या निमित्ताने बाईंच्या कानाशी लागली. “एका शब्दाने तुमचं काय जातंय?”

कालच बाईंनी मदरना प्रबंधाचं नवं प्रकरण वाचून दाखवलं होतं. मदर म्हणजे नर्सिंग कॉलेजातल्या धर्मभगिनी, त्यांच्या मार्गदर्शक. ‘अशा आईशी जर-तरची भाषा करू नये,’ हे वाक्य आलं तशी मदरनी चष्म्यावरून पाहिलं. “वाक्य झकास आहे गं. फक्त ते तुला पाळायची वेळ न येवो.”

बाई खाटेच्या कडेला टेकल्या.

“पाणी घातलं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर त्याची छाती दाबत होते, तेव्हाच.”

आईने सुटकेचा श्वास घेतला. इथेच थांबता आलं असतं. बहिणीने डोळ्यांनी तेच सांगितलं.

“पण जीव आहे की नाही, ते कळत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “अशा वेळी शब्द वेगळे असतात. ‘तू जिवंत असशील, तर मी तुला बाप्तिस्मा देते. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.’ तसं म्हणाले मी.”

“असशील तर?”

“असशील तर.”

“झालं!” बहिणीने कपाळावर हात मारला. “पुस्तकं वाचून वाचून माणूस…” तिने उशी छातीशी धरली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

आई चादरीची दुमड सरळ करत राहिली. सरळ झाली, तरी करतच राहिली.

“म्हणजे तेव्हा तो होता की नव्हता, तुम्हाला माहीत नाही.”

“नाही.”

“डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही. कुणालाच नाही गं.”

शेजारच्या खोलीत कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. कुणीतरी घाईघाईने दार लावून घेतलं.

“मोठ्याने म्हणालात?” आईने विचारलं.

बाईंना प्रश्नच कळला नाही. “काय?”

“ते शब्द. मोठ्याने म्हणालात का?”

“नाही. हळूच. ओठांतल्या ओठांत. सगळे धावपळीत होते ना…”

“अहो, मोठ्याने म्हणायचं ना!” आई एकदम चिडली, घरच्या माणसावर चिडावं तशी. “हळू बोललेलं त्याला कळायचंच नाही. मी चांगली ओरडून हाक मारायचे, तेव्हा कुठे एक लाथ मारायचा.”